शिवेबाहेरची कोपी

बाजरी काढायला आली की आमच्या भागातल्या हवेला एक कोरडा, गोडसर वास येतो. कणसं खुडून झाल्यावर रानात नुसतं सरमड उभं राहतं आणि दुपारच्या उन्हानं तापतं, त्याचा तो वास. पुण्याहून येणारी गाडी पाटोदा मागे टाकून मांजरसुंब्याच्या दिशेनं निघाली की खिडकीतून तो आत येतो. यंदाही आला. आक्का माझ्या शेजारी बसली होती. तिच्या मांडीवर माझी भाची, तोंड उघडं टाकून, घामाघूम होऊन झोपली होती. आक्कानं खिडकीकडं तोंड केलं, एक मोठा श्वास घेतला आणि म्हणाली, "आला बघ."

एवढंच म्हणाली. पण मला कळलं की तिलाही त्या वर्षीचंच आठवलं.

मला हे नीट सांगता येईल की नाही, माहीत नाही. कॉलेजात निबंध लिहिले, ते सगळे ठरलेल्या विषयांवर. या गोष्टीला विषय काय म्हणायचा तेच कळत नाही. त्या साली रस्ते बंद झाले होते, असं म्हणावं, तर रस्ते होते तिथंच होते. डांबर होतं, मैलाचे दगड होते. बंद झाली होती ती माणसं.

भूकंपाच्या पुढचं वर्ष ते. आदल्या वर्षीच्या हादऱ्यांनी आमची माणसं अंगणात झोपायला शिकली होती. ती पुन्हा घरात झोपायला लागतात न लागतात तोच डोंगराकडच्या एका गावात घरोघरी उंदीर पडल्याची बातमी आली. मग माणसांना ताप आला, काखेत गाठी आल्या. मी तेव्हा बीडला पहिल्या वर्षाला होतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. खोलीवर आम्ही चार पोरं राहायचो आणि चौघांनाही प्लेग हा शब्द फक्त इतिहासाच्या पुस्तकात भेटला होता. तो असा पुस्तकातून उठून चौकात येऊन उभा राहील, असं वाटलं नव्हतं. कॉलेज बंद झालं. आठवडी बाजार बंद झाला. लोक तोंडाला रुमाल बांधून फिरू लागले आणि ओळखीचा माणूस दिसला की रस्त्याच्या पलीकडच्या कडेला जाऊ लागले. पांढऱ्या जीपगाड्या यायच्या, घराघरात पावडर मारायच्या, गोळ्या द्यायच्या.

मी गावी पोचलो तर दादा, म्हणजे माझे वडील, दारातच बसले होते. त्यांनी माझ्या कॉलेजचं काही विचारलं नाही. म्हणाले, "आक्काला आणायचं हाय. तू जा."

लग्न झालेल्या मुलीला माहेरी आणायला जो भाऊ जातो त्याला मुराळी म्हणतात. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, ही आमच्याकडची रीत. आक्काला सातव्या महिन्यात आणायचं ठरलं होतं, पण तेव्हा पेरणीची धांदल होती, राहून गेलं. आठवा लागला आणि आईनं हात वर केले. आठव्यात पोटुशी बाईनं शीव ओलांडायची नसते. शीव म्हणजे गावाची हद्द. ती जागा कुठल्याच गावाची नाही, ना तिकडची ना इकडची. म्हणून आम्ही आठवा सरायची वाट पाहत बसलो. आठवा सरला, आणि तेवढ्यात हे आलं. रीत पाळता पाळता आम्ही आक्काला नेमकं वाईट दिवसांच्या तोंडाशी आणून ठेवलं होतं. दादा ते बोलले नाहीत, पण रात्रभर त्यांचा खोकला ऐकू येत होता आणि त्यांना खोकल्याचा आजार नव्हता.

आक्का पुण्याजवळ भोसरीला राहायची. दाजी एका कारखान्यात कामाला. एका बैठ्या चाळीत मागच्या बाजूची खोली, पुढच्या बाजूला मालकीणबाई. मी पोचलो तेव्हा मालकीणबाईंच्या घरात रंगीत टीव्ही चालू होता आणि बातम्यांमध्ये आमच्या जिल्ह्याचं नाव आलं. टीव्हीवर आमच्या जिल्ह्याचं नाव मी पहिल्यांदाच ऐकत होतो. कुणाला सांगायची सोय नव्हती.

मालकीणबाई उंबऱ्यातून म्हणाल्या, "तू तिचा भाऊ ना? तिथंच थांब हां. राग मानू नकोस."

मी पायरीवर थांबलो. त्यांनी पाण्याचा तांब्या मधे ठेवला आणि मागं सरकल्या. पाणी प्यायल्यावर तांब्या कुठं ठेवायचा ते मला कळेना.

तिला पाठवायला दाजींचा जीव होत नव्हता. "तिकडं रोगात कावून न्यायचं तिला? हितं दवाखाने हायत," ते म्हणत होते. ते केज तालुक्यातले, मनात काही आलं की शहरातली भाषा गळून पडायची.

"आन् हितं करणार कोण माझं?" आक्का म्हणाली. "तुमी तर तिन्ही पाळ्या कारखान्यात. मालकीणबाई तांब्या लांबून ठेवत्यात. मला आईकडं जायचंय."

तिचं पोट एवढं पुढं आलं होतं की भांडताना ती एक हात कमरेवर आणि एक हात भिंतीला टेकवून भांडत होती.  शेवटी दाजींनी खुंटीवरची पिशवी काढली आणि माझ्या हातात दिली.

निघताना मालकीणबाईंनी पायरीवर एक गाठोडं ठेवलं. जुन्या सुती साड्यांचे मऊ तुकडे होते. "बाळाला लागतात," त्या लांबूनच म्हणाल्या, "नवीन कापड टोचतं." आणि दार लावून घेतलं. माणूस भ्यालेला असला तरी किती ठिकाणी चांगला राहतो, याचा मला त्या दिवशी अंदाज आला नाही. पुढं आला.

त्या गाडीची आठवण निघाली की आक्का अजून हसते. गाडी अर्धी रिकामी होती. नगरच्या स्टँडवर एका चहावाल्यानं विचारलं, "कुठल्या गाडीतले?" पुढचा माणूस पटकन म्हणाला, "जामखेडचा." त्याच्या मागचा म्हणाला, "मी बी जामखेडचाच." माझी पाळी आली. आक्का खिडकीतून माझ्याकडं पाहत होती. मी म्हणालो, "जामखेड." जामखेड नगर जिल्ह्यात. तिथपर्यंत माणूस स्वच्छ होता, त्याच्या पुढं रोगी. त्या दिवशी आमची सगळी गाडी जामखेडची होती.

जामखेडला गाडी थांबली. कंडक्टरनं दोरी ओढली आणि दार उघडून उभा राहिला. कुणीच उठलं नाही. सगळे खिडकीबाहेर पाहू लागले, जणू ते गाव आयुष्यात पहिल्यांदाच दिसत होतं.

"आरं, आलं की तुमचं गाव!" कंडक्टर म्हणाला. "समदे जामखेडचे ना तुमी? उतरा की!"

आधी मागच्या बाकावरची एक म्हातारी फिसकन हसली. मग सगळी गाडी हसायला लागली. हसता हसता तोंडावरचे रुमाल खाली आले. आक्का पोट धरून हसत होती आणि मी तिला म्हणत होतो, हळू, हळू. कंडक्टर स्वतः आष्टीकडचा निघाला. म्हणाला, "आपल्याच मान्सापाशी कशाला लपायचं? बसा. मांजरसुंब्यापस्तोर नेतो. फुडं जायचा हुकूम न्हाई."

आणि पुढं अख्ख्या वाटेत जो तो आपापल्या गावाचं खरं नाव सांगत बसला. एक नेकनूरचा, एक चौसाळ्याचा, ती म्हातारी नारायणगडाच्या पायथ्याची. नाव सांगितलं की माणसं जरा सैल होऊन बसत.

परवा मांजरसुंब्याला गाडी थांबली तेव्हा ढाब्यांवर एवढी गर्दी होती की भाचीला लघवीला नेऊन आणेपर्यंत आमची जागा कुणीतरी बळकावली. ट्रकचे भोंगे, भज्यांचा घाणा, चारी दिशांना जाणाऱ्या गाड्यांचा ओरडा. भाची घाबरून माझ्या गळ्याला चिकटली. मला मात्र तो गोंगाट इतका बरा वाटला की मी उगाच एक चहा जास्त प्यायलो. कारण त्या वर्षी त्याच चौकात आम्ही दोघं उतरलो तेव्हा तिथं एक कुत्रं होतं आणि वारा होता. ढाब्यांच्या बाजा उलट्या करून भिंतीला लावलेल्या. चुली थंड. चार रस्ते चार दिशांना गेलेले आणि त्यांच्यावर काहीच नाही. आक्का एका उलट्या बाजेला टेकून उभी राहिली आणि पहिल्यांदाच तिच्या तोंडावर भीती दिसली.

"हितंच झालं तर रं?" ती म्हणाली.

 मी भूगोलाचा विद्यार्थी, मला त्या चौकातून कुठला रस्ता कुठं जातो ते सगळं पाठ होतं. त्याचा काही उपयोग नव्हता.

बऱ्याच वेळानं केजकडं जाणारा एक ट्रॅक्टर आला, ट्रॉलीत रिकामी पोती. चालवणाऱ्यानं आक्काकडं पाहिलं, ट्रॅक्टर बंद केला, खाली उतरून सगळी पोती एकावर एक रचली आणि म्हणाला, "बसा बाई. मी खड्डा बघून चालवतो." नाव विचारलं नाही, गावही विचारलं नाही. केजच्या पुढं धारूरच्या रस्त्याला आमचा फाटा लागतो, तिथपर्यंत त्यानं आम्हाला सोडलं. त्याला दुसरीकडं जायचं होतं हे मला नंतर कळलं.

फाट्यावर दादा गाडी जुंपून बसले होते. आम्ही कधी येणार हे त्यांना कसं कळणार? ते रोज येत होते. सकाळी यायचे, दिवस बुडाला की परत जायचे.

गावाच्या अलीकडं एक ओढा आहे. ओढा ही आमची शीव. पलीकडच्या काठावर बाभळीच्या फांद्यांचा आडवा ढीग पडला होता आणि त्याच्या मागं तात्या काठी घेऊन बसले होते. तात्या ना सरपंच ना पाटील, पण भजनात वीणा त्यांच्याकडं असायची, म्हणून त्यांचा शब्द चालायचा. त्यांच्या चुलत्याचं अख्खं घर जुन्या काळच्या प्लेगात गेलं होतं. ते लहानपणापासून ही गोष्ट ऐकत आले होते, आणि त्यांनी गावाला पटवून दिलं होतं की बाहेरून आलेला माणूस दसऱ्यापर्यंत शिवेच्या आत घ्यायचा नाही.

"तात्या, माझी लेक हाय," दादा म्हणाले.

"माझी बी लेकच हाय. पर ती पुण्याहून आली. सुरतंला बी पिलेग हाय, तितली मानसं पुण्याला आली म्हणं. रोग पाय लावून फिरतो, दादाराव."

आक्का गाडीतच बसून होती. पुण्यात ती बीडची होती, आणि आता गावाच्या तोंडाशी पुण्याची झाली होती.

दादा चिडले. "बरं, मग मी तर गावचाच हाय ना? मी येऊ का?"

तात्यांनी विचार केला. "तुमी तिच्या गाडीत बसला. तुमी बी भाईरचे."

"आन् बैलं?"

आता तात्या खरंच अडकले. बैलांना सकाळपासून ओली पेंड मिळाली नव्हती आणि ते घराकडं मान ताणून उभे होते. तात्यांनी डोकं खाजवलं आणि म्हणाले, "बैलाला पिलेग होत न्हाई. बैलं येऊ द्या."

आम्ही तिघं खाली उतरलो. तात्यांनी काठीनं फांद्या बाजूला केल्या, बैल गाडीसकट ओढा उतरून चढले आणि वाट पाठ असल्यानं आपले आपण घराकडं निघून गेले. तात्यांनी फांद्या परत लावल्या.

आई सांगते, ती अंगणात बाजरी निवडत होती आणि रिकामी गाडी दारात येऊन उभी राहिली. गाडीत माणूस नाही, कासरा जमिनीवर ओढत आलेला. ती तशीच सूप टाकून अनवाणी पळत सुटली. ओढ्याच्या काठावर येऊन तिनं पलीकडं पाहिलं. आम्ही तिघं कडुलिंबाखाली बसलो होतो. तिनं आम्हाला मोजलं, हे मला लांबूनही दिसलं. मग ती मागं फिरली. मला वाटलं रडायला गेली. थोड्या वेळानं ती परत आली ती डोक्यावर वाकळांचं गाठोडं, कमरेला घागर आणि हातात कंदील घेऊन. तात्यांच्या बाजूनं तिनं स्वतःच्या हातानं काट्याची फांदी उचलली.

"कारभारनी, तिकडं गेल्यावर माघारी येता येनार न्हाई," तात्या म्हणाले.

"कोन येतंय माघारी?" आई म्हणाली, आणि ओढ्यात उतरली.

आमचं गाव ऊसतोडीला जाणारं. दसरा झाला की कारखान्याचे ट्रक येतात आणि निम्मं गाव सहा महिने बाहेर असतं. तिथं जमिनीवर कामट्या वाकवून रोवायच्या, त्यांच्यावर बांबूच्या चटया टाकायच्या, वरून पाचट घालायचं. त्या घराला कोपी म्हणतात. आई-दादाही मी चौथीत जाईपर्यंत तोडीला जायचे. त्यामुळं त्या संध्याकाळी ओढ्याच्या अलीकडं काय करायचं, हे कुणी कुणाला विचारलं नाही. गयामावशीच्या नवऱ्यानं आपल्या चटया आणि कामट्या तात्यांच्या डोक्यावरून आमच्या बाजूला फेकल्या. दादांनी आणि मी दिवस मावळायच्या आत कोपी उभी केली. पाचट नव्हतं, म्हणून वर नवं सरमड घातलं. आत वाकून गेलं की तोच वास, कोरडा, गोडसर. आक्का वाकळीवर आडवी झाली, वर पाहिलं आणि म्हणाली, "आई गं, कसं गार वाटतंय." आणि झोपली.

दुसऱ्या दिवशी गयामावशी काटे ओलांडून आली. ती आमची सख्खी मावशी नाही, शेजारीण. तोडीवर किती बायकांचं बाळंतपण तिनं केलं असेल, तिलाच आठवत नाही. तात्यांनी तिला हटकलं तर म्हणाली, "तात्या, तुमच्या थोरल्याचा जनम कुटं झाला? कारखान्यावर, माझ्या कोपीत. तवा कोन बसलं होतं काठी घेऊन?" तात्यांनी तोंड फिरवलं. तिनं आल्या आल्या मालकीणबाईंच्या साड्यांचे तुकडे एका पातेल्यात टाकले आणि चुलीवर उकळायला ठेवले. "पुन्याचं असूं द्या न्हाईतर सोन्याचं," म्हणाली, "उकळल्याबिगर लेकराच्या अंगाला लावायचं न्हाई."

मग एका दुपारी आक्काचं अंग तापलं.

मी ओढ्यावरून पाणी घेऊन आलो तर कोपीच्या तोंडाला आईची पाठ दिसत होती. ती आक्काची एक काख चाचपत होती. मग दुसरी काख. मग जांघा. गयामावशी कंदील नसतानाही कंदील धरल्यासारखा हात वर करून उभी होती. मी घागर खाली ठेवली नाही. दादा लांब बांधावर बसले होते, त्यांनी वर पाहिलंच नाही. ओढ्यापलीकडं तात्या उभे राहिले होते, काठी न टेकता. सगळा माळ श्वास धरून होता असं मी लिहिलं तर ते खोटं वाटेल, बाजरीवर पाखरं नेहमीसारखीच ओरडत होती. पण मला ती ऐकू येत नव्हती.

आई बाहेर आली. "गाठ न्हाई," ती म्हणाली.

पांढरी जीप संध्याकाळी आली. तात्यांनीच कुणालातरी धारूरला सायकलवर पिटाळलं होतं. डॉक्टर तरुण होते, दमलेले, तोंडाला फडकं. त्यांनी आक्काला तपासलं, पोटाला कान लावायची नळी लावली आणि बराच वेळ ऐकत राहिले. "प्रवासाचा शीण आहे," ते म्हणाले. "पाणी भरपूर द्या. बाळ मजेत आहे." मग फडक्याच्या वर त्यांचे डोळे हसले. "इथं हवा चांगली आहे. घरापेक्षा इथंच ठेवा."

दादांनी तोंडावर पंचा घेतला. त्यांना घाम आला होता, असं ते आजही म्हणतात.

डॉक्टर असं म्हणाले, ही गोष्ट ओढा ओलांडून गेली. त्यात दुसऱ्या दिवशी गावात कुणाच्या तरी माळवदावर एक मेलेला उंदीर सापडला. मांजरानं मारलेला असेल, पण त्या दिवसांत मांजरावर कोण विश्वास ठेवणार? आधी एक घर काटे ओलांडून आलं, मग तीन घरं. चटया तर घरोघरी होत्याच, दसऱ्यानंतर बांधायच्या त्या यंदा आधीच निघाल्या. बघता बघता ओढ्याच्या अलीकडं कोप्यांची रांग लागली. पोरं खेळू लागली, बायका एकमेकींच्या चुलीवरचा विस्तव नेऊ लागल्या. मी तोडीवरची वस्ती लहानपणी पाहिली होती. ती कुठल्यातरी परक्या मुलखात असायची. ती आता आमच्याच शिवेवर बसली होती, घरं समोर दिसत असताना.

एका सकाळी गयामावशीनं हाक मारली, "तात्या, आत आता कोन राहिलं वं?"

"मी हाय. आन् म्हातारी हाय. आन् मारुती हाय."

"मग तुमी कुनाला राखताय? मारुतीला?"

ओढ्याच्या दोन्ही काठांवर हशा पिकला. तात्याही हसले. पण जागचे हलले नाहीत. मला तेव्हा त्यांचा राग यायचा, आता येत नाही. आपल्या माणसांना वाचवायचं म्हणजे काहीतरी आडवं लावावं लागतं, एवढंच त्यांना ठाऊक होतं. आणि त्यांनी ते मनापासून लावलं होतं.

घट बसायच्या आधी, सकाळी, कणसं खुडणं चालू असताना आक्काला कळा सुरू झाल्या. आम्हा पुरुषांना ओढ्यावर पिटाळलं. दादा एका दगडावर विळा घासत बसले, विळ्याला धार होतीच. मी पाण्यात पाय सोडून बसलो. कोपीतून आधी आक्काचा आवाज येत होता, मग गयामावशीचा, "हां माझे माय, हां, आनखी," मग बराच वेळ कुणाचाच नाही. दादांचा विळा थांबला. आणि मग एक बारीक, चिडका, नवाच आवाज आला.

तात्या पलीकडून ओरडले, "काय झालं वं?"

"पोरगी!" आई ओरडली. "दोघी बी सुखरूप!"

तात्यांनी डोक्याचा पटका काढला आणि कपाळाला लावला. थोड्या वेळानं ते गुळाचा एक खडा घेऊन आले आणि काट्यांच्या फांद्यांमधून हात घालून माझ्यापुढं धरला. त्यांच्या मनगटाला ओरखडा उठला. मी तो गूळ घेतला. त्या क्षणी माझ्या अंगातलं काहीतरी सुटलं. ते भोसरीच्या पायरीपासून आवळलेलं होतं, हे मला सुटल्यावरच कळलं.

भाचीला मालकीणबाईंच्या साडीच्या तुकड्यात गुंडाळलं. मऊ होता. टोचला नाही.

दसऱ्याला सोनं लुटायला शीव ओलांडून जायचं असतं. गावातली माणसं संध्याकाळी वाजतगाजत हद्दीबाहेर जातात, आपट्याची पानं घेऊन परत येतात. त्या वर्षी मोठाच पेच पडला. सगळं गाव आधीच शिवेबाहेर होतं. जायचं कुठं? म्हातारी माणसं ओढ्यावर जमून यावर बोलत बसली. रोगही तोवर ओसरला होता, जीपगाड्या यायच्या कमी झाल्या होत्या, धारूरची गाडी पुन्हा सुरू झाल्याचं कुणीतरी सांगितलं होतं.

शेवटी तात्याच बोलले. "सीमोल्लंघनच करायचं ना? मग भाईर कशाला जाता, भाईरच हायत तुमी." त्यांनी काठी बाजूला ठेवली आणि दोन्ही हातांनी बाभळीची पहिली फांदी ओढली. "या आत."

म्हणून त्या वर्षी आमच्या गावानं सीमोल्लंघन उलटं केलं. हलगी वाजत होती, हातात आपट्याची पानं, आणि सगळे आपल्याच गावात शिरत होते, नव्या मुलखात आल्यासारखे इकडंतिकडं बघत. सगळ्यात पुढं आमची बैलगाडी. रिकामी गेलेली गाडी भरून आली. आक्का बसलेली आणि गयामावशीच्या मांडीवर ती इवलीशी. ओढा चढल्यावर गयामावशीनं बाळाच्या मुठीत आपट्याचं पान खोचलं आणि ते तात्यांच्या हातात द्यायला लावलं. तात्यांनी ते घेतलं.  मग ते वाकून बाळाच्या पाया पडले.

दाजी त्यानंतर पहिल्या गाडीनं आले, उभ्यानं. सगळी गाडी भरलेली होती, ते सांगताना त्यांचा चेहरा फुलला होता. गाडीत गर्दी होती, हे कुणी इतक्या आनंदानं सांगितलेलं मी ऐकलं नव्हतं.

परवा आमच्या गाडीत एका माणसानं आक्काला विचारलं, "कुठलं गाव, ताई?" आक्कानं माझ्याकडं पाहिलं. तिच्या ओठांच्या कडेला ते जामखेडचं हसू होतं. मग ती भाचीचं डोकं सावरत मोठ्यानं म्हणाली, "बीड जिल्हा. धारूरकडं."

"अरे वा," तो म्हणाला आणि सरकून बसला, भाचीचे पाय लांब करायला जागा झाली.

फाट्यावर दादा गाडी घेऊन आले होते. ओढ्यापाशी आता काटे नाहीत, फक्त कडुलिंब आहे. गयामावशी तिथं भेटली. भाचीला उचलून म्हणाली, "आली का गं माझी भाईरची?" ती तिला अजून याच नावानं हाक मारते. भाचीनं विचारलं, माझं घर कुठाय. तिला सांगून ठेवलंय की ती इथं एका घरात जन्मली, आणि ती दर वेळी ते घर शोधते. कडुलिंबाखाली गवत आहे, बाकी काही नाही. गयामावशीनं बोट दाखवलं. तिच्या अंगणात त्याच चटया गुंडाळून, दोरीनं बांधून भिंतीला लावलेल्या होत्या. दसरा झाला की ट्रक येईल.

त्या वर्षी कारखाने आपल्याला घेतील का, याचीही गावाला धास्ती होती. पण ट्रक आला, आणि त्याच चटया त्याच्यावर चढल्या. तेव्हापासून माझ्या भाचीचं जन्मघर दर साली ट्रकवर बसून दोन-तीन जिल्हे ओलांडतं, कुणाच्या तरी उसाच्या फडात उभं राहतं, आणि उन्हाळ्यात परत येतं. वाटेत त्याला कुणी गाव विचारत नाही.